सगळ्यांच्या मागे चालणारी

वीरुम, ११ एप्रिल २०१६

प्रिय मार्ग्रीत,

फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. फोन बैठकीच्या खोलीत आहे, आणि तिथेच तुझा भाऊ. कॉम्प्युटरही त्याचाच. तेव्हा शाळेत तू आणि मी चिठ्ठ्या पाठवायचो तसंच हे समज.

नव्या खुब्याचं कसं चाललंय? जन्मभर लोकांना कुबड्यांवर चालायला शिकवलंस, आता स्वतःवर आलंय. शिकवलेलं सगळं पाळत असशील असं मला मुळीच वाटत नाही.

विषय त्याचाच आहे, वोब्बेचा. मोसम सुरू झाला. नेहमीसारखा तो पुढे काठी घेऊन, मधे शहरातली मंडळी, आणि सगळ्यांच्या मागे मी, कुणी राहून जाऊ नये म्हणून. इतकी वर्षं ओहोटीला समुद्र मागे सरला की उघड्या पडलेल्या चिखलातून आम्ही दोघं हौशी लोकांना बेटापर्यंत नेतोय आणि आणतोय. एकालाही पाण्याने गाठलं नाही. पण यंदा वोब्बेच्या चालण्यात काहीतरी बिघडलंय. तो थांबतो. पूर्वी मी मागून काही विचारलं तर चालता चालता खांद्यावरून उत्तर फेकायचा. आता मी बोलायला लागले की उभाच राहतो. काल समुद्राच्या बांधावरून दुकानात निघालो होतो. मी म्हटलं, "शेजारच्या सीत्सेने गायी विकल्या म्हणे. सगळ्या." हा थांबला. माझं बोलून झालं, तेव्हा पुढे निघाला.

बांधाच्या पायऱ्या उतरताना माझा कोपर धरतो. लग्नातसुद्धा तुझ्या वडिलांनी माझा हात त्याच्या हातात कोंबला होता, आठवतं ना? असा माणूस आता कोपर धरतो. दारातला गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकलाय. म्हणतो, अडखळायला होतं. मी विचारलं, "पाय दुखतात का रे?" तर म्हणाला, "कुणाचे?" असला तिरकस.

तुमच्या घराण्यात खुबे कच्चेच. हे तेच असेल ना?

तुझी,
हिस्के


उट्रेख्त, १७ एप्रिल

प्रिय हिस्के,

खुबा असता तर मी नाचले असते, कुबड्यांसकट.

शेवटची काही वर्षं मी स्मृतिरोगाच्या दवाखान्यात काम केलं, हे तुला माहीत आहे. तिथे माणूस दारातून आत आला की डॉक्टर आधी त्याचं चालणं बघायचे, मग नाव विचारायचे. आपल्याला वाटतं चालणं हे पायांचं काम. पण पाऊल कुठे टाकायचं, तोल कसा सांभाळायचा, कधी वळायचं, हे सगळं मेंदू बघतो. अल्झायमरमध्ये मेंदूत प्रथिनांचे थर साचायला लागतात ते विसरभोळेपणा दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून. आणि काही जणांत पहिली तक्रार डोकं करत नाही, पाय करतात. चाल मंदावते, पावलं आखूड होतात, वळायला वेळ लागतो. आणि बोलणं नि चालणं एकदम पेलत नाही, म्हणून माणूस बोलण्यासाठी उभा राहतो. खुबा दुखणारा लंगडतो, हिस्के. तो बोलताना थांबत नाही.

सावकाश चालणारा प्रत्येक म्हातारा या वाटेला लागलेला असतो असं नाही. पण तू लिहिलंस ती सगळी लक्षणं मी तिथे रोज बघायचे. त्याला डॉक्टरकडे ने. आणि तोवर चिखलात जाऊ देऊ नकोस. भरती काही डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत थांबणार नाही.

मार्ग्रीत


वीरुम, ९ मे

प्रिय मार्ग्रीत,

तुझं पत्र वाचलं आणि इतका राग आला की उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं. तिकडे तिसऱ्या मजल्यावर आरामखुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातं?

वोब्बेचं डोकं ठणठणीत आहे. वर्षभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा त्याला तोंडपाठ आहेत. परवा मी साखरेचा पाव भट्टीत ठेवून बाहेर कपडे वाळत घालत बसले, तर त्यानेच धावत जाऊन काढला. माझा चष्मा, माझ्या किल्ल्या, सायकल कुठे लावली ते, सगळं तोच शोधून देतो. असा माणूस आजारी?

तरीही तुझ्यापासून लपवत नाही. यंदा त्याने बेटापर्यंतची लांब वाट बंद केली. वाटाड्यांच्या संघटनेला कळवलं की गुडघे साथ देत नाहीत. मला आधी विचारलंही नाही. आता फक्त वाळूच्या पट्ट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. आणि चालताना सारखा मागे बघतो, कोंबडीने पिल्लं मोजावीत तसा.

डॉक्टरचं काढून पाहिलं. तर म्हणाला, "दोघंही जाऊ. दोघांचीही तपासणी करून घेऊ." म्हणजे एकट्याने जायची भीती वाटते, दुसरं काय. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय? मी नाही येत. मग तोही गेला नाही.

हो, तुला सांगायचंच राहिलं. सीत्सेने गायी विकल्या. सगळ्या.

हिस्के


उट्रेख्त, १५ मे

हिस्के,

अगं बाई, जा ना त्याच्याबरोबर. कर तपासणी, बघू दे डॉक्टरला तुझे दात नि जीभ. एवढं नाटक नवऱ्यासाठी करता येत नाही तुला? मी स्वतः आले असते, पण सर्जन अजून गाडीत बसू देत नाही.

लांब वाट बंद केली, म्हणजे त्याला स्वतःलाही कळलंय. गायींचं तू मागच्या पत्रातच लिहिलं होतंस. काळजीने तुझं चित्त थाऱ्यावर नाही, ते इथून दिसतंय. म्हणूनच सांगते, उशीर करू नकोस.

मा.


वीरुम, २० जून

प्रिय मार्ग्रीत,

आजचं पत्र नीट बसून वाच.

शनिवारी द्राख्तनच्या व्यायाम मंडळातल्या बारा बायका होत्या. हसऱ्या, धडधाकट, प्रत्येकीच्या पायात नवे कॅनव्हासचे बूट. वाळूच्या पट्ट्यापर्यंत छान पोचलो. सँडविच खाल्ली, सील बघितले. परत निघालो आणि वोब्बेचं थांबणं सुरू झालं. सगळी रांग उभी करायचा आणि मागे बघत राहायचा. वारा वायव्येचा होता, म्हणजे पाणी वेळेआधी येणार हे शेंबडं पोरही सांगेल. मी मागून ओरडले, "चल की, पाणी वळलंय." तो उभाच. एकदा तर रांग सोडून थेट माझ्यापर्यंत चालत आला आणि माझ्या पाठीवरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली. पुढच्याने रांग सोडून कधीही मागे यायचं नाही, हे मला त्यानेच शिकवलंय.

बांधाआधीच्या शेवटच्या चरापाशी पोचलो तेव्हा तो भरत आला होता. जाताना तिथे पाणी घोट्याला होतं. आता बरगड्यांपर्यंत आलं. वोब्बे मधे दोर धरून उभा राहिला आणि एकेकीला ओढून पलीकडे काढलं. एकीचा बूट चिखलाने खाल्ला, ती रडायला लागली. मी शेवटची. माझ्या पायाखालचा तळच जाणवेना. वोब्बेने मला जाकिटाला धरून वर खेचलं, मला पोहता येत नाही जणू.

बांधावर आल्यावर बायकांना ती गंमत वाटायला लागली. फोटो काढले. घरी आल्यावर मी विचारलं, "का थांबत होतास?" म्हणाला, "दम लागला होता." मी म्हटलं, "तुला?" त्यावर तो सूप ढवळत राहिला.

तुझं बरोबर होतं, मार्ग्रीत. लिहिताना जीव तुटतो, पण बरोबर होतं. तरी कुणाला सांगू नकोस. येत्या शनिवारी शिक्षकांचा एक गट आहे, तेवढा होऊ दे, मग मी त्याला समजावते. चिखल काढून घेतला तर हा माणूस खिडकीत बसून मरेल.

हिस्के


उट्रेख्त, २३ जून

हिस्के,

हे तुला मिळेल तोवर वाटाड्यांच्या संघटनेच्या चिटणिसाला माझं पत्र पोचलेलं असेल. मी लिहिलंय की माझ्या भावाची प्रकृती ठीक नाही, त्याची परीक्षा घ्या, आणि तोपर्यंत त्याला एकही गट देऊ नका. पत्राखाली नावही घातलंय. निनावी लिहायची सवय नाही मला.

तू माझं तोंड बघणार नाहीस. नको बघूस. पण वोब्बे शिक्षकांना घेऊन बुडाला, आणि त्यांच्या मागे तू, हे मला पेपरात वाचायचं नाही.

मार्ग्रीत


वीरुम, १६ जुलै

मार्ग्रीत,

प्रिय लिहायला हात धजत नाही.

आले होते तुझे परीक्षक. गेअर्ट, ज्याला वोब्बेनेच काठी धरायला शिकवली, आणि एक तरुण मुलगी, हातात घड्याळ घेऊन. पट्ट्यापर्यंत नेलं, परत आणलं. वाटभर त्याला बोलतं ठेवलं. शंभरातून सात-सात वजा करत चालायला लावलं. गेअर्ट सांगत होता, एकदाही अडखळला नाही, एकदाही थांबला नाही, वर त्या मुलीची वजाबाकी चुकली ती यानेच दुरुस्त केली. "हा माणूस इंग्लंडपर्यंत चालत जाईल," हे गेअर्टचे शब्द आहेत.

मला इतका आनंद झाला, काय सांगू. कॉफी केली. डब्यातली बिस्किटं सगळी मांडली, एकेकाला एकच देण्याची आपली रीत मोडून. आणि वोब्बेने खिशातून वाटाड्याचा बिल्ला काढला, बशीशेजारी ठेवला आणि म्हणाला, "पुरे झालं. पाय थकले." गेअर्ट त्याच्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत बसला. मी काय केलं होतं?

तेव्हापासून हा घरात आहे. बटाटे सोलतो. लागतात त्यापेक्षा जास्त सोलतो. परीक्षेत उतरलेला माणूस हार का मानतो, सांग. सख्ख्या बहिणीने पाठीत सुरी खुपसली म्हणून. तिकडे सीत्सेने गायी विकल्या, तुला लिहायचंच राहिलं, आणि इकडे वोब्बेने चिखल सोडला. झालं तुझं समाधान?

उत्तर नको.

हिस्के


वीरुम, २० जुलै

मार्ग्रीत,

मी पत्रं लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. हिस्के सायकल दुकानात विसरली ती आणायला म्हणून निघालोय, आणि पोस्टाच्या बाकावर बसून हे लिहितोय.

तिने तुला काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही. तू संघटनेला काय लिहिलंस त्यावरून अंदाज आला. तू म्हणतेस ते सगळं खरं आहे, फक्त माणूस चुकलाय. पाय माझे नाहीत. हिस्केचे आहेत.

मागच्या शरदापासून चाललंय. बोलायला लागली की ती थांबते. मग मीही थांबतो. तिला वाटतं, मी थांबलो. पुढे निघून जाऊ का? पायऱ्यांवर कोपर मी तिचा धरतो तो तिच्यासाठी. लांब वाट तिच्यासाठी बंद केली. सगळ्यांच्या मागे ती असते, त्यामुळे तिचं चालणं कुणाला दिसतच नाही. मला दिसतं, कारण मी वळून बघतो. त्या शनिवारी ती इतकी मागे पडली की मला पाणी आणि ती दोन्ही एकदम दिसत होती. बारा बायकांना मी त्या चरात उतरवलं, ते माझं पाप आहे. वसंतातच थांबायला हवं होतं. मी एक-एक फेरी करत राहिलो, कारण चिखलात ती खूश असते.

आता ऐक. मी सोडलं म्हणजे तीही सुटली. तिला कुणी "तू नको" असं म्हणायची वेळ येणार नाही. तू तिला लिही की तुझंच खरं होतं, आजारी मी आहे, परीक्षेत दिसलं नाही इतकंच. ती माझी काळजी घेईल. कुणाची काळजी घ्यायला असली की ती बरी असते.

एवढं कर. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही.

वोब्बे


उट्रेख्त, २८ जुलै

प्रिय हिस्के,

उत्तर नको म्हणालीस, तरी लिहितेय. फाडायचं तर वाचून झाल्यावर फाड.

तुझी सगळी पत्रं मी परत एका बैठकीत वाचली. माझी चूक झाली, आणि ती लहान नाही. वोब्बेला काही झालेलं नाही. चाळीस वर्षं लोकांची चाल बघून पोट भरलं, आणि सख्ख्या भावाचं निदान मी कागद वाचून केलं, न बघता. कागदात होतं ते सगळं नीट वाचलं असतं तरी पुरे होतं. मला आपलंच म्हणणं त्यात दिसत गेलं.

वोब्बेने मला एक खोटं लिहायला सांगितलंय. तुझ्या मायेपोटी सांगितलंय, म्हणून त्याच्यावर रागावू नकोस. मी लिहायला बसलेही होते. जमलं नाही. तुला आयुष्यात कुणी फसवलेलं चाललं नाही, आता सुरुवात मी करू?

पण पुन्हा कागदावरून निदानही करणार नाही. तू स्वतः बघ. ओहोटीला वोब्बेला घेऊन चिखलात उतर. फार लांब नको. त्याच्या मागे चालू नकोस, शेजारी चाल, आणि जाताना बोलत राहा. परत त्याच वाटेने ये आणि खाली बघ. पावलं वाचायला तुझ्याइतकं त्या किनाऱ्यावर कुणाला येत नाही. मी काय सांगणार तुला.

मग मला लिही. शिव्या लिही, काहीही लिही. सर्जनने नाही म्हटलं तरी ऑगस्टमध्ये मी येतेय.

मार्ग्रीत


वीरुम, २ ऑक्टोबर

प्रिय मार्ग्रीत,

हे पत्र मी थोडं थोडं करून लिहितेय आणि प्रत्येक वेळी आधीचं वाचून घेते, म्हणजे एकच गोष्ट दोनदा यायला नको. वोब्बेनेही वाचलंय. मीच दिलं. आता लपवायला काही उरलं नाही.

ऑगस्टमध्ये तू आलीस ते आठवतं. तू काय काय बोललीस ते सगळं नाही आठवत. पण तू स्वयंपाकघरात रडलीस आणि मी तुला वाटाण्याचं सूप वाढलं, ते पक्कं आठवतं. त्या गडबडीत चिखलाचं सांगायचं राहिलं. की सांगितलं? सांगितलं असलं तर परत ऐक.

पावलांच्या दोन रांगा होत्या. एक लांब टांगांची, सरळ. तिच्याशेजारी दुसरी, आखूड. उजव्या पायाने दर वेळी चिखल ओरबाडलेला. आणि मधे मधे दोन्ही पावलं जुळवून उभी राहिलेली. जिथे जिथे मी काही बोलले होते, तिथे तिथे. असली रांग माझ्या गटात दिसली असती तर त्या माणसाला मी तिथल्या तिथे बांधाकडे परत लावलं असतं, कितीही रडला तरी. मार्ग्रीत, मी सगळ्यांची पावलं बघत आले. माझी कायम माझ्या मागे राहिली, आणि माझ्या मागे कुणी नव्हतं.

वोब्बे समुद्राकडे तोंड करून उभा होता. मी म्हटलं, "गाढवा, सांगायचंस की." म्हणाला, "सांगितलं असतं तर तू घरी बसली असतीस. मग मी कुणाबरोबर चाललो असतो?" मी त्याला मारलं. जोरात मारलं, दंडावर. त्याने मारून घेतलं.

ग्रोनिंगनच्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. त्यांनीही आधी चालवलं, मग विचारलं. तुझे ते प्रथिनांचे थर माझ्याच डोक्यात निघाले. चालत राहा म्हणतात, रोज, कुणाला तरी सोबत घेऊन, कोरड्या जमिनीवर. त्याने थर जात नाहीत, पण पाय जास्त दिवस माझे राहतात. मला भीती वाटते. सकाळी जास्त वाटते, दुपारी कामात कमी होते.

आता बिल्ल्याचं. तू गेल्यावर घरात महाभारत झालं. मी वोब्बेला म्हटलं, बिल्ला परत माग. म्हणाला, "तुझ्याशिवाय नाही." दर वेळी तेवढंच, तुझ्या घराण्याची खोडच ती, एक वाक्य धरलं की सोडायचं नाही. शेवटी मी एकटीने गेअर्टचं दार वाजवलं. घर सापडायला वेळ लागला, पण सापडलं. सांगितलं, "आजारी मी आहे, तो नाही. त्याचा बिल्ला द्या आणि माझा हा घ्या." गेअर्टने वोब्बेचा बिल्ला काढून दिला. त्याला परीक्षेच्या दिवशीच कळलं होतं, मी कॉफीचा ट्रे घेऊन आले तेव्हा. मी बिल्ला आणून वोब्बेच्या बटाट्यांच्या सालांवर ठेवला आणि म्हटलं, "माझे पाय जायचे तेव्हा जातील. त्यांच्यापायी तू आपले बांधून घेतलेस तर मी तुला माफ करणार नाही. आणि मी हे विसरेन या आशेवर राहू नकोस." तो हसला. मग सालं झटकून बिल्ला खिशात टाकला.

काल मोसमातला शेवटचा गट होता. मागे गेअर्टची मुलगी चालली, चांगली आहे, खांदे जरा ताठ ठेवते. मी बांधावर थांबले. सीत्सेने माझ्यासाठी खुर्ची आणली आणि शेजारी बसून राहिला. तो माझ्यावर लक्ष ठेवायला बसलाय हे मला कळत होतं. मी त्याला कळू दिलं नाही.

तीन तास त्यांचा पत्ता नव्हता. मग ठिपके दिसायला लागले. मला पाण्याची धास्ती नव्हती, वारा आग्नेयेचा होता. मला दुसरीच धास्ती होती. सगळे सारखेच, गुडघ्यापर्यंत काळे, टोप्या ओढलेले. टणक वाळू लागली तशी रांग मोडली आणि सगळे आडवे पसरून चालायला लागले. चेहरे दिसत नव्हते. सीत्से म्हणाला, "यातला वोब्बे कुठला गं? मला मेलं ओळखू येईना."

मी बघितलं. मग बोट करून दाखवला. लांब टांगा टाकत, शेजारच्या माणसाशी बोलत येत होता, न थांबता, एकदाही मागे न बघता. तिशीत चालायचा तसा. मला आनंद झाला आणि रडूही आलं. दोन गोष्टी एका वेळी मला पेलत नाहीत असं तुमचे डॉक्टर म्हणतात. त्यांना सांग, पेलल्या.

तुझी,
हिस्के